ड्राइव्हमधल्या फायली कॉम्प्युटरवर नीट दिसेनात? आधी काही डिलीट करू नका, हे करून बघा

सांगलीत २०१९ चा पूर आणि त्याच्यामागनं २०२१ चा, ह्या दोन पुरांनी गावभाग, मारुती चौक, स्टेशन रोड ह्या भागातल्या लोकांच्या वह्या, फायली, सीपीयू सगळं पाण्यात घातलं आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी हिशोब, जीएसटीची बिलं, उतारे, द्राक्षाच्या एक्सपोर्टचे कागद असं सगळं क्लाउडवर, म्हणजे गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह असल्या नेटवरच्या जागेत, टाकायला सुरुवात केली. हे चांगलंच झालं. पण क्लाउडवर टाकलेली फाइल कॉम्प्युटरवर कशी दिसते, कधी दिसत नाही आणि दिसली तरी ती खरंच तिथं असते का, हे कुणी बसवून सांगत नाही. मी दुकानांचे आणि ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो, मार्केट यार्ड, विश्रामबाग, कुपवाड, कुठंही जा, फोन हेच असतात. "दादा, फाइल मोबाइलवर दिसत्या पण कॉम्प्युटरवर नाय." "फोल्डर रिकामं झालंय." "सगळ्या फायली एक केबीच्या झाल्यात, व्हायरस आला वाटतं."

ह्यातल्या बहुतेक वेळा फाइल सुखरूप असते. नुकसान होतं ते नंतर, घाबरून माणूस जे करतो त्यानं. कुणी "करप्ट" फायली डिलीट करतं, कुणी सॉफ्टवेअर काढून परत टाकतं, कुणी फॉरमॅट मारतं. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमधनं डिलीट केलेली फाइल फक्त त्या कॉम्प्युटरवरनं जात नाही, क्लाउडवरनं जाते, मोबाइलवरनं जाते आणि ज्यांच्याबरोबर ते फोल्डर शेअर आहे त्यांच्याकडनंही जाते. म्हणून खालचं सगळं करून होईपर्यंत डिलीटच्या बटनाला हात लावायचा नाही.

सगळ्यात आधी ब्राउझरमध्ये बघा

फाइल एक्सप्लोरर बंद करा. क्रोम उघडा आणि गुगल ड्राइव्ह असेल तर ड्राइव्ह डॉट गुगल डॉट कॉम, मायक्रोसॉफ्टचं असेल तर वनड्राइव्ह डॉट कॉम, ड्रॉपबॉक्स असेल तर ड्रॉपबॉक्स डॉट कॉम. तिथं जे दिसतं ते खरं. वर उजव्या कोपऱ्यात गोल फोटो असतो, त्याच्यावर क्लिक करून कुठला जीमेल चालू आहे ते वाचा, नुसता फोटो बघून नको, पूर्ण आयडी वाचा. आपल्याकडं एका दुकानात मालकाचा आयडी, पोराचा आयडी, दुकानाचा आयडी असे तीन तीन असतात, फाइल मोबाइलवरनं एकात टाकलेली असते आणि कॉम्प्युटरवर दुसराच चालू असतो. अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात.

आयडी बरोबर असेल तर वरच्या सर्चमध्ये फाइलच्या नावातला एखादा शब्द टाका. मिळाली की त्या फाइलवर राइट क्लिक करून ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघा, कारण कुणीतरी चुकून ओढून दुसऱ्या फोल्डरात टाकलेली असते. फोल्डर सिलेक्ट करून उजवीकडच्या माहितीच्या पट्टीत ॲक्टिव्हिटी उघडली तर कुणी कधी काय हलवलं, काय काढलं ते लिहिलेलं सापडतं. ऑफिसात भांडणं लावण्यापेक्षा हे आधी बघा.

तरीही नाही मिळाली तर ट्रॅश बघा. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, त्यानंतर आपोआप जाते. घरगुती वनड्राइव्हच्या रिसायकल बिनचंही ३० दिवसांचंच आहे. त्यामुळं "नंतर बघू" म्हणत महिना घालवायचा नाही, हे काम आजचं आजच करायचं.

ब्राउझरमध्ये फाइल दिसली तर तुमचा डेटा शाबूत आहे, प्रॉब्लेम फक्त कॉम्प्युटरवर दाखवण्याचा आहे. आता शांतपणे पुढं वाचा.

एक केबीच्या फायली

ह्याच्यावर मला जरा जास्त सांगायचंय कारण सगळ्यात मोठं नुकसान ह्यात होतंय.

गुगल शीट किंवा गुगल डॉक ही एक्सेल किंवा वर्डसारखी फाइल नाही. ती गुगलच्या सर्व्हरवरच राहते. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं सॉफ्टवेअर असेल तर तिथं तुम्हाला "डॉट जीशीट" नाहीतर "डॉट जीडॉक" अशी एक चिमुकली फाइल दिसते, एक केबीची, आणि तिच्यात तुमच्या हिशोबाचा एक आकडासुद्धा नसतो, फक्त ती शीट कुठं आहे त्याचा पत्ता असतो. बेदाणा कोल्ड स्टोरेजला आणि हातात पावती, तसं आहे हे. पावती नीट आहे म्हणून माल आपल्या घरात आला असं कुणी समजत नाही, पण कॉम्प्युटरवर नेमकं तसंच समजलं जातंय.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी दर शनिवारी इमानेइतबारे सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायचे, बॅकअप म्हणून. पेन ड्राइव्ह उघडून बघितला तर पट्ट्यांची, उचलीची, शेतकऱ्यांच्या बाकीची सगळी नावं होती आणि प्रत्येकाची साइज एक केबी. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तर विंडोज विचारतंय, ही फाइल कशात उघडायची. म्हणजे इतके दिवस बॅकअप झालेलाच नव्हता, नुसत्या पावत्या गोळा झाल्या होत्या. सुदैवानं खऱ्या शीट ड्राइव्हवर जागच्या जागी होत्या म्हणून निभावलं.

खरा बॅकअप असा घ्यायचा: ब्राउझरमध्ये शीट उघडा, फाइल मेनूत डाउनलोड, त्यात मायक्रोसॉफ्ट एक्सेल. लई शीट असतील तर ड्राइव्हमध्ये पूर्ण फोल्डरवर राइट क्लिक करून डाउनलोड करा, गुगल स्वतःच शीटचं एक्सेल आणि डॉकचं वर्ड करून झिप देतं. सगळं अकाउंटच उतरवून घ्यायचं असेल तर गुगल टेकआउट आहे. कॉपी झाल्यावर साइज बघायची सवय लावून घ्या, खरी एक्सेल फाइल सहसा एक केबीत बसत नाही.

आणि ही चिमुकली फाइल "खराब झाल्या" म्हणून "जी" ड्राइव्हमधनं (गुगल ड्राइव्हचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर जो ड्राइव्ह दाखवतं तो) डिलीट केली तर तिकडची खरी शीट ट्रॅशमध्ये जाते. हे परत एकदा वाचा, कारण ह्याच्यापायी रडलेली माणसं मी बघितल्यात.

एक्स्प्लोररमध्ये फाइलच्या नावापुढं डॉट काय आहे ते दिसत नसेल तर वर व्ह्यू मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शनला टिक करा. विंडोज हे मुळात लपवून ठेवतं आणि त्यामुळंच "बाकी" नावाची एक्सेल आणि "बाकी" नावाची गुगल शीट ह्या दोन फायली शेजारी शेजारी सारख्याच वाटतात.

दुसऱ्यानं शेअर केलेली फाइल दिसत नाही

सीए नं तुम्हाला फोल्डर शेअर केलं, मेल आला, मोबाइलवर उघडलं, सगळं ओके. कॉम्प्युटरवर मात्र जी ड्राइव्हमध्ये त्याचा पत्ता नाही. हा बिघाड नाही, गुगलची रीतच तशी आहे. ब्राउझरमध्ये जे "शेअर्ड विथ मी" दिसतं ते कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्हमध्ये येत नाही, फक्त "माय ड्राइव्ह" मधलं येतं. मग काय करायचं तर ब्राउझरमध्ये त्या फोल्डरवर राइट क्लिक, ऑर्गनाइज, ॲड शॉर्टकट, आणि जागा म्हणून माय ड्राइव्ह निवडायची. थोड्या वेळात ते कॉम्प्युटरवर दिसायला लागतं. बाण असलेला शॉर्टकट दिसतो, त्याला घाबरू नका. तो शॉर्टकट काढला तर फक्त शॉर्टकट जातो, पण शॉर्टकट उघडून आतली फाइल काढली आणि तुम्हाला एडिटचे अधिकार असतील तर ती सगळ्यांच्याच फोल्डरमधनं हलते. हा फरक ऑफिसातल्या नव्या पोरांना तोंडी समजावून सांगा.

अजून एक गोष्ट, जी तांत्रिक नाही पण फार महत्त्वाची आहे. फाइल ज्याच्या आयडीवरनं बनवली तो तिचा मालक. क्लार्कनं स्वतःच्या जीमेलवर दुकानाची शीट बनवली, तुम्हाला शेअर केली, वर्षभर तुम्ही वापरली, मग तो दुसरीकडं कामाला लागला आणि घर आवरल्यासारखा ड्राइव्ह आवरला, की तुमच्याकडनं ती शीट गायब. त्यात त्याचा वाईट हेतू असायची पण गरज नाही. त्यामुळं धंद्याच्या फायली धंद्याच्या आयडीवरच बनवायच्या, कामावर आलेल्या माणसाला त्या शेअर करायच्या. उलटं नको.

जी ड्राइव्हच गायब

धिस पीसी उघडलं आणि जी नावाचा ड्राइव्हच नाही, असं झालं तर नव्वद टक्के वेळा गुगल ड्राइव्हचं सॉफ्टवेअर चालूच नसतं. ते चालू असेल तोपर्यंतच जी दिसतो, बंद झालं की आख्खा ड्राइव्ह निघून जातो. स्टार्टमध्ये गुगल ड्राइव्ह टाइप करून सुरू करा, खाली घड्याळाजवळच्या छोट्या बाणात त्याचं आयकॉन येतं. त्याच्या सेटिंगमध्ये लॉगिन केल्यावर आपोआप सुरू व्हायचं ऑप्शन चालू करून टाका म्हणजे रोजची कटकट नको.

कधी कधी जी चं अक्षर दुसऱ्यानंच घेतलेलं असतं. कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह, डीव्हीआरची हार्ड डिस्क असलं काहीतरी लावलेलं असतं, ते जी होऊन बसतं, मग गुगल दुसरं अक्षर घेतं आणि तुमचे डेस्कटॉपवरचे शॉर्टकट आणि एक्सेलमधल्या लिंका सगळ्या तुटतात. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह लेटर निवडता येतं, तिथं एक्स किंवा वाय असं कुणी न वापरणारं अक्षर एकदाच देऊन टाका. दोन आयडी जोडले असतील तर प्रत्येकाला वेगळं अक्षर मिळतं, तेवढं लक्षात ठेवा.

त्याच सेटिंगमध्ये स्ट्रीम आणि मिरर असे दोन प्रकार आहेत. स्ट्रीममध्ये नावं सगळी दिसतात पण फाइल उघडताना ती नेटवरनं येते, म्हणजे नेट गेलं की नाव दिसतंय पण उघडत नाही, नेमकी हीच तक्रार. मिररमध्ये गुगल शीट, डॉक सोडून बाकी सगळं खरोखर हार्ड डिस्कवर उतरतं, नेट नसलं तरी चालतं, पण जागा तेवढी लागते. २५६ जीबीची एसएसडी असेल आणि ड्राइव्हवर फोटो, व्हिडिओ भरलेले असतील तर मिरर करू नका. स्ट्रीम ठेवा आणि रोज लागणारी दोन चार फोल्डर राइट क्लिक करून ऑफलाइनसाठी ठेवा.

सॉफ्टवेअर चालू आहे, पण साइन इनच होत नाही? घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरची मदरबोर्डवरची बटन सेल संपलेली असते, लाइट गेली की तारीख कुठंतरी मागं जाते, आणि तारीख चुकीची असली की सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शन जुळत नाही, मग ना ड्राइव्ह चालतो ना वनड्राइव्ह. साधा सेल बदला. आणि मशीनवर अजून विंडोज सात असेल तर गुगल ड्राइव्हचं आत्ताचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतच नाही, त्याला किमान विंडोज दहा लागतं, तोपर्यंत ब्राउझरवर काम भागवा.

वनड्राइव्हची ढगाची खूण आणि रिकामा डेस्कटॉप

वनड्राइव्हमध्ये फाइलच्या शेजारी खुणा असतात, त्या एकदा ओळखून घेतल्या की निम्मी भीती जाते. निळा ढग म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर आहे, इथं नुसतं नाव. पांढऱ्या गोलात हिरवी टिक म्हणजे एकदा उघडली होती म्हणून सध्या इथंही आहे. भरलेल्या हिरव्या गोलात पांढरी टिक म्हणजे तुम्ही कायम इथं ठेवायला सांगितल्या. दोन गोल फिरणारे बाण म्हणजे काम चालू आहे, आणि लाल फुली म्हणजे कुठंतरी अडकलंय, त्या वेळी खालच्या ढगाच्या आयकॉनवर क्लिक करून काय लिहिलंय ते वाचा. फोटोंचे थंबनेल न दिसणं, फाइल उघडायला वेळ लागणं हे निळ्या ढगामुळंच होतं. ज्या फोल्डरचं काम रोज आहे त्याच्यावर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा. "फ्री अप स्पेस" म्हणजे डिलीट नाही, फक्त इथली कॉपी काढून परत निळा ढग करणं.

नवीन लॅपटॉप सेट करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलात तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातात आणि तुम्हाला कळतही नाही. फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की अडकतं, मग कुणीतरी सांगतं वनड्राइव्ह काढून टाका, आणि काढल्यावर डेस्कटॉप रिकामा. तेव्हा घाम फुटतो. पण फायली असतात. सी ड्राइव्हमध्ये युजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात वनड्राइव्ह, त्यात डेस्कटॉप, तिथं बघा. तिथंही नसल्या तर ब्राउझरमध्ये वनड्राइव्हच्या डेस्कटॉप फोल्डरात आहेतच. तिथनं डाउनलोड करून साध्या डेस्कटॉपवर आणा. आणि पुढच्या वेळी वनड्राइव्ह काढायच्या आधी सेटिंगमध्ये बॅकअपमधनं ही फोल्डर बाहेर काढा, फायली इकडं आल्यात ह्याची खात्री करा, मगच अनलिंक करा, म्हणजे वनड्राइव्ह कॉम्प्युटरपासनं तोडा.

लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरी सेव्हरला जातो आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतलं जातं, ह्या दोन्ही वेळी वनड्राइव्ह बहुतेक करून आपणहून सिंक (इकडच्या आणि क्लाउडवरच्या फायली जुळवायचं काम) थांबवतो. बॅटरी वाचावी आणि डेटा जाऊ नये म्हणून ते तसं केलंय, चांगल्यासाठीच आहे, पण तुम्ही उन्हाळ्यात दुपारभर काम करून मशीन बंद केलं तर ते काम वर गेलेलंच नसतं आणि घरी मोबाइलवर बघितलं की जुनी फाइल दिसते. घड्याळाजवळच्या ढगावर थांबल्याची खूण आहे का बघा आणि सिंक परत सुरू करा.

ड्रॉपबॉक्स, गुगल, वनड्राइव्ह सगळं एकाच मशीनवर टाकलं असेल तर हिरव्या टिका मधनंच दिसायच्या बंद होतात. त्याचं कारण असं की चिन्हावर चढणाऱ्या ह्या छोट्या खुणांसाठी विंडोज फक्त १५ जागा वापरतं, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर त्यात आपल्या बऱ्याच खुणा घुसवतं, नावांच्या यादीत मागं पडलेल्याला जागा उरत नाही. फायलींना काही झालेलं नसतं. नको ते सॉफ्टवेअर काढा, मशीन रिस्टार्ट करा.

मराठी नावांचा घोळ

हे इंग्रजी गाइडमध्ये कुठं मिळणार नाही आणि आपल्याला मात्र रोज भेटतं, म्हणून नीट सांगतो.

"शेतकऱ्यांची यादी" ह्या नावाची फाइल शोधताय, समोर दिसतीय, पण सर्चमध्ये येत नाही. किंवा एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फायली. कारण हा जो "ऱ्य" आहे तो आत दोन पद्धतीनं लिहिला जातो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त टाकतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडाक्षर-चिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ही दोन वेगळी नावं. मालक मोबाइलवर एका कीबोर्डवरनं टाइप करतात, ऑफिसात दुसरा कीबोर्ड, त्यामुळं "व्यापाऱ्यांची बाकी", "कर्मचाऱ्यांचे पगार" असल्या सगळ्या नावांत हे होतं. उपाय सोपा आहे, पूर्ण शब्द टाइप करून शोधायचं नाही. "शेतक" एवढंच टाका, दोन्ही सापडतील. मग दोन्ही उघडून, तारीख बघून, नवी कुठली ते ठरवा आणि तिचं नाव एकाच कीबोर्डवरनं परत लिहा. मी तर दुकानात सांगतो, फायलींच्या नावात हा "ऱ्य" आणूच नका, "शेतकरी यादी" लिहा, अर्थ तोच.

तारखेचा प्रश्न पण असाच. ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर ड्राइव्ह तुम्हाला "पट्टी १२/०४/२०२४" असं नाव ठेवू देतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, चांदणी हे चालत नाही. मग कॉम्प्युटरवर ते नाव बदलून येतं. वनड्राइव्हमध्ये अशी नावं चालतच नाहीत. तारीख लिहायची तर "२०२४-०४-१२ पट्टी" अशी लिहा, वर्ष आधी लिहिल्यानं फायली आपोआप तारखेनं रांगेत लागतात, तो एक वेगळा फायदा.

गुगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली चालवून घेतं, विंडोज नाही. त्यामुळं ब्राउझरमध्ये दोन "बिल" आणि कॉम्प्युटरवर एक "बिल" आणि एक कंसात आकडा असलेलं "बिल" दिसतं. ती डुप्लिकेट आहे असं समजून उडवू नका, आत वेगळं बिल असू शकतं.

आणि लांबलचक नावं. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजून. "शेतकऱ्यांची" ह्या एकाच शब्दाला ३३ बाइट लागतात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला. सरकारी पत्राचा आख्खा विषयच फाइलचं नाव म्हणून ठेवायची सवय असेल तर ती फाइल विंडोजवर दिसेल आणि लिनक्सवर उतरणारच नाही. विंडोजवरही फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करत गेलं की सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांच्या पुढं जातो आणि बरेच प्रोग्राम तिथं अडतात. नावं छोटी ठेवा, फोल्डर तीन चार पायऱ्यांपेक्षा खोल नेऊ नका.

झिप डाउनलोड केली आणि निम्म्याच फायली आल्या

लग्नाचे फोटो किंवा वर्षभराची बिलं असं मोठं फोल्डर ड्राइव्हवरनं डाउनलोड केलं की गुगल त्याच्या एकापेक्षा जास्त झिप करतं, आणि फार मोठी फाइल असेल तर ती झिपच्या बाहेर वेगळी देतं. लोक पहिली झिप उघडतात, निम्म्या फायली बघतात आणि बाकीच्या गेल्या म्हणतात. डाउनलोड्स फोल्डर उघडा, शेवटी ००१, ००२ असे आकडे असलेल्या सगळ्या झिप आल्यात का बघा, सगळ्या एकाच ठिकाणी उघडा. मराठी नावांच्या जागी चौकोन आणि कचरा दिसत असेल तर जुनं अनझिपचं सॉफ्टवेअर सोडा आणि सेव्हन-झिप वापरा, फुकट आहे.

उबंटू, मिंट वापरणाऱ्यांसाठी

गुगल ड्राइव्हचं आणि वनड्राइव्हचं अधिकृत सॉफ्टवेअर लिनक्सवर नाही, ड्रॉपबॉक्सचं आहे. जीनोममध्ये (उबंटूच्या डेस्कटॉपमध्ये) ऑनलाइन अकाउंटमधनं गुगल जोडलं की फाइल मॅनेजरमध्ये नावं व्यवस्थित दिसतात, पण त्याच फायली टर्मिनलमधनं किंवा दुसऱ्या काही प्रोग्राममधनं उघडायला गेलात तर नावाच्या जागी अक्षरं आणि आकड्यांची लांब माळ दिसते. ती गुगलची आतली ओळख आहे, फाइल तीच. फाइल मॅनेजर तिच्यावर वाचता येईल असं नाव चढवून दाखवतो, बाकीचे प्रोग्राम दाखवत नाहीत. रोजचं काम असेल तर आरक्लोन नावाचं सॉफ्टवेअर वापरा, त्यानं ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखा जोडता येतो आणि नावं सगळीकडं नीट येतात. असा जोडताना (माउंट करताना) कॅशचा, म्हणजे तात्पुरत्या साठवणीचा, मोड फुल ठेवा, नाहीतर लिब्रे ऑफिसमध्ये फाइल सेव्ह करताना अडचण येते. दुसरीकडनं टाकलेली फाइल इथं लगेच दिसली नाही तर थोडं थांबा, यादी जपून ठेवलेली असते, ती काही मिनिटांनी ताजी होते. शेअर झालेल्या फायलींसाठी वर सांगितलेला शॉर्टकटचाच मार्ग बरा.

मॅकवाल्यांना एवढंच, फाइंडरच्या डाव्या पट्टीत लोकेशन्समध्ये बघा, सापडेल.

टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका

हे हात जोडून सांगतो. टॅली चालू असताना त्याच्या फायली सतत उघड्या असतात, आणि त्याच वेळी ड्राइव्ह त्या वर चढवायला बघतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं कुणी तीच कंपनी उघडली तर दोन्हीकडच्या वेगवेगळ्या अर्धवट फायली एकमेकांवर चढतात. मग कंपनी उघडत नाही, किंवा कंपन्यांच्या यादीत नावच दिसत नाही. डेटा सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरात ठेवा, संध्याकाळी टॅलीमधूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाका. आउटलुकची डेटा फाइल, ॲक्सेसचा डेटाबेस ह्यांनाही हाच नियम.

एवढं करूनही जमलं नाही तर

मशीन रिस्टार्ट करा. मग ब्राउझरमध्ये जागा किती उरल्या ते बघा, गुगलची १५ जीबी ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे, ती भरली की नवी फाइल कॉम्प्युटरवर दिसते पण वर जात नाही, आणि मेल यायचेही बंद होतात.

अकाउंट काढून परत जोडायचं असेल तर त्याच्या आधी ड्राइव्हच्या आयकॉनवर क्लिक करून सगळं सिंक झालंय असं लिहून आलंय का ते वाचा. काही अपलोड व्हायचं बाकी असेल तर ते आधी जाऊ द्या, नाहीतर त्या फायली डेस्कटॉपवर कॉपी करून ठेवा. व्हिडिओ बघून बरेच लोक ॲपडेटामधलं ड्राइव्ह एफएस नावाचं फोल्डर उडवतात, त्यात स्ट्रीमची कॅश असते आणि वर न गेलेल्या फायली त्या कॅशमध्येच असतात, फोल्डर उडवलं की त्या कायमच्या गेल्या, कुठल्याच ट्रॅशमध्ये मिळत नाहीत.

आणि कुणाला तरी बोलवायचंच झालं तर फोनवर "फाइल दिसत नाही" एवढंच सांगू नका. ब्राउझरमध्ये दिसते का, कुठला आयडी आहे, फाइलच्या नावापुढं डॉट काय आहे, साइज किती, शेजारी कुठली खूण आहे, ह्याचे दोन स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. बऱ्याच वेळा माणूस घरी यायची गरजच पडत नाही.